जुनी पद्मिनी रस्ता धरत नाही? शॉकअप बदलण्याआधी सांधे तपासा

बेळगाव : गावात, किल्ला तलावापासून टिळकवाडीपर्यंत चाळीसच्या वेगाने जाताना जुनी प्रीमियर पद्मिनी नीटच वाटते. जांबोटी, कणकुंबी मागे पडून चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की तिचं खरं दुखणं कळतं. स्टिअरिंग थोडं फिरवलं तर काहीच होत नाही, अजून थोडं फिरवलं की गाडी एकदम वळते. खड्ड्यातून गेल्यावर पुढचं चाक आपल्याच मर्जीने एका बाजूला ओढतं. समोरून गोव्याकडचा ट्रक आला की चालवणाऱ्याच्या तळहाताला घाम फुटतो.

मग गाडी गॅरेजला जाते आणि ठरलेलं उत्तर मिळतं, ‘शॉकअप गेलेत.’ चारही शॉकअप नवे पडतात, गाडी कडक होते, पण भटकायची थांबत नाही. नंतर अलाइनमेंट होते, ती पंधरा दिवस टिकते. तिसऱ्या खेपेला घरात चर्चा सुरू होते की आता ही गाडी काढून टाकूया.

यातल्या बऱ्याच गाड्या वाचू शकतात. दुखणं बहुतेक वेळा शॉकअपमध्ये नसतं, सांध्यांत असतं. शिवाय दुरुस्तीचा क्रम चुकला की पैसे जातात आणि गाडी धोकादायकच राहते. तो क्रम कोणता आणि का, हे समजून घेण्यासाठी आधी गाडी कशावर उभी आहे ते बघायला हवं.

पद्मिनी कशावर उभी असते?

ही गाडी इटलीच्या फियाट ११०० ची. भारतात १९६४ मध्ये ती फियाट ११०० डिलाईट म्हणून आली आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. इंजिन १०८९ सीसीचं, ताकद मागच्या चाकांना.

पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असतात. त्यांच्यासोबत कॉईल स्प्रिंग, नळीसारखा शॉकअप आणि दोन्ही बाजू जोडणारा अँटी-रोल बार. चाक डावी-उजवीकडे वळतं ते किंग पिनवर. मागे एकसंध अ‍ॅक्सल आहे, तो पाट्यांवर बसलेला. स्टिअरिंग वर्म प्रकारच्या बॉक्सचं. बॉक्सपासून चाकापर्यंत ड्रॉप आर्म, आयडलर आर्म, मधला रॉड आणि दोन टाय रॉड अशी साखळी जाते.

यात प्रत्येकाचं काम वेगळं आहे. स्प्रिंग आणि पाटे वजन पेलतात. शॉकअप त्यांची उसळी थांबवतात. चाक नेमकं कुठे बघतं, हे मात्र किंग पिन, बुश आणि टाय रॉडचे सांधे ठरवतात. म्हणून खड्ड्यानंतर गाडी तीन-चारदा उसळत राहिली तर शंका शॉकअपवर घ्यावी. गाडी सरळ रस्त्यावर भटकते, स्टिअरिंगला प्ले आहे, ब्रेक मारल्यावर बाजूला पळते, अशा तक्रारी असतील तर आधी सांधे बघावेत.

एकेका सांध्यात जेमतेम अर्धा मिलिमीटर ढिलाई असते, पण साखळीत असे सहा-सात सांधे आहेत. प्रत्येकातली ढिलाई एकत्र होऊन चाकापर्यंत पोचते. ढिल्या सांध्यांवर नवे कडक शॉकअप बसवले तर खड्ड्याचा मार आणखी जोरात त्याच सांध्यांवर येतो. म्हणजे नवा खर्च जुन्या झिजेला हातभारच लावतो.

सुरुवात टायरपासून

तपासणीचा पहिला टप्पा जमिनीला टेकलेल्या भागापासून. महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं, कडक होतं, बाजूला बारीक तडे जातात. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसते म्हणून बारा वर्षांचा टायर चालवणं म्हणजे ओल्या घाटात नशिबावर हवाला ठेवणं.

पद्मिनीला चौदा इंची रिम आहे. जुने क्रॉस-प्लाय आणि नवे रेडियल यांची सरमिसळ एकाच अ‍ॅक्सलवर कधीही करू नये. दोघांची वळणातली वागणूक वेगळी असते. चारही सारखे असावेत हे उत्तम.

टायर कसा झिजलाय तेही बघावं. एकाच कडेने झिजलेला असेल तर चाकाचा कोन बिघडलाय. नक्षीवरून हात फिरवल्यावर एका दिशेला करवतीसारखी धार लागत असेल तर टो-इन चुकलाय. जागोजागी खोलगट वाट्या पडल्या असतील तर शॉकअप, बेअरिंग किंवा बॅलन्सिंग यांपैकी काहीतरी गेलंय.

जॅकवर घेऊन हाताने तपासणी

ही तपासणी घरच्या अंगणात होते, पण दोघं जण लागतात. जमीन सपाट हवी, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली कुणीही हात घालू नये. मजबूत स्टँड लावूनच पुढचं.

वर-खाली धरून : उचललेलं पुढचं चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावं. खडखड लागली तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गायब झाली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही चाक हलत राहिलं तर संशय किंग पिन, तिचे बुश किंवा आर्मच्या सांध्यांवर. खाली वाकून बघितलं की नेमकी कुठली जागा हलते ते दिसतं.

आडवं धरून : आता चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावं. इथली ढिलाई बहुधा टाय रॉड एन्ड, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्सची. एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवायचं. सांध्याची एक बाजू हलली आणि दुसरी थांबून मग हलली, की तो सांधा गेला.

स्टिअरिंगचा प्ले : गाडी जमिनीवर, चाकं सरळ. स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे फिरवून चाक हलेपर्यंत रिम किती सरकते ते बघावं. वर्म बॉक्सच्या जुन्या गाडीत इंचभर प्ले चालून जातो. दोन-अडीच इंच सरकत असेल तर घाटात जाऊ नये.

उंची : प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजावं. डावी-उजवीकडे बोटभर फरक दिसला तर स्प्रिंग किंवा पाटे बसलेत.

दोन चाकांमधलं अंतर : पद्मिनीच्या पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर २३४० मिलिमीटर आहे. चाकं सरळ ठेवून दोन्ही बाजूंनी मोजावं. एका बाजूला ते ठळक कमी-जास्त भरलं तर मागचा अ‍ॅक्सल सरकलेला असू शकतो. पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला किंवा यू बोल्ट ढिले झाले की असं होतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते.

दाबून सोडणं : शेवटी गाडीचा एकेक कोपरा जोरात दाबून सोडावा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डोलत राहिली तर शॉकअप संपले. पण ही परीक्षा पूर्ण मेलेलेच शॉकअप पकडते. अंगावर तेलाचा ओघळ असेल किंवा वर-खालचे रबर फुटले असतील तर परीक्षेत पास झालेला शॉकअपही बदलायचाच.

गंज : इथे तडजोड नाही

पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा आणि पुढचं सस्पेन्शन जिथे बोल्टने धरलंय ती जागा गंजलेली असेल तर नवे पार्ट बसवून काही उपयोग नाही. गोव्याच्या किनारपट्टीवर खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या गाडीत हे आधी बघावं. खानापूर-चंदगडच्या पावसात उघड्यावर उभ्या गाडीचीही तीच गत.

जाड स्क्रूड्रायव्हरने त्या जागा टोचून बघाव्यात. पत्रा दबला, पापुद्रे सुटले तर कुजलेला भाग कापून योग्य जाडीचा पत्रा वेल्ड करायला हवा. पुट्टी भरून वर अंडरकोटिंग मारलं की गाडी विकण्यापुरती छान दिसते. जुनी गाडी घेणाऱ्याने ताजं काळं कोटिंग दिसलं की तिथेच जास्त टोचावं.

दुरुस्तीचा क्रम

पहिलं काम किंग पिन आणि व्हील बेअरिंगचं. पिन आणि बुश जोडीनेच बदलतात. नुसती पिन नवी घालून जुना बुश ठेवला तर दोन-चार महिन्यांत परत तेच. नवे बुश दाबून बसवल्यावर त्यांना रीमर मारावा लागतो. वरचा आणि खालचा बुश एका रेषेत रीम झाले पाहिजेत. भोक सैल झालं तर झीज लवकर होते. घट्ट राहिलं तर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही. हे काम हातोडी-पान्याचं नाही, चांगल्या लेथवाल्याचं आहे. उद्यमबागेत मशीन शॉपची परंपरा असल्यामुळे बेळगावकरांना त्यासाठी लांब जावं लागत नाही.

दुसरं, स्टिअरिंगची साखळी. टाय रॉड एन्ड आणि आयडलर आर्मचा बुश आधी. बॉक्सला हात सर्वांत शेवटी. बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले घालवण्याचा शॉर्टकट सगळीकडे चालतो. पण वर्म बॉक्स मधोमध जास्त झिजतो, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकायला लागतं, आणि घाटातल्या वळणावर ते अडकणं परवडत नाही. आवळण्याआधी बॉक्समध्ये तेल आहे का, ते बघावं. गळून कोरडा पडलेला बॉक्स बऱ्याच गाड्यांत सापडतो.

तिसरं, आर्मचे आणि पाट्यांचे बुश. इथे एक बारीकशी चूक नव्या मालाचा जीव घेते. गाडी जॅकवर आणि चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी खाली उतरली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोनदा दाबून सोडावी आणि मगच शेवटचं आवळावं. रबर बुशला ग्रीस किंवा इंजिन ऑईलही लावू नये. रबर फुगून मऊ पडतं.

चौथं, स्प्रिंग आणि पाटे. बसलेल्या कॉईल स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबराचा बफर कोंबून गाडी उचलण्याचा प्रकार स्वस्त आहे, पण त्याने काही वेटोळी कामातूनच जातात आणि उरलेल्यांवर ताण वाढतो. स्प्रिंग नेहमी जोडीने बदलावी. दाबलेल्या कॉईल स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतका जोर असतो. ती सोडवणं स्प्रिंग कॉम्प्रेसर असलेल्या मेकॅनिकचंच काम. घरी करून बघू नये.

मागचे पाटे बसले की दोन सल्ले मिळतात : कमान मारून घ्या किंवा जादा पाटा टाका. भट्टीत लाल करून कमान मारली आणि पुन्हा नीट पाणी दिलं नाही तर पोलादाचा ताव जातो. मग पाटे पुन्हा बसतात किंवा तुटतात. जादा पाटा सामान वाहणाऱ्या गाडीला ठीक, पण घरच्या गाडीची मागची बाजू त्याने उड्या मारायला लागते. शिवाय मागची बाजू उंच झाली की गाडी नाकावर झुकते आणि पुढच्या चाकांचा कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे किंग पिनचा मागे कललेला कोन. त्याच्यामुळेच गाडी सरळ चालते आणि वळणानंतर स्टिअरिंग परत येतं. म्हणजे पाटा मागे टाकला आणि भटकणं पुढे वाढलं, असं होतं.

पाचवं, शॉकअप. एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम बदलावेत. दुसऱ्या गाडीचे ‘बसतात’ म्हणून लावायचे असतील तर चाक पूर्ण वर आणि पूर्ण खाली असताना लांबी जुळते का ते मोजावं. आखूड शॉकअप चाकाला खाली जाऊ देत नाही आणि खड्ड्यात स्वतःचंच माउंटिंग उपटतो.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी. ढिल्या सांध्यांवर केलेला टो-इन यंत्राच्या पडद्यावर बरोबर दिसतो, पण चाकावर जोर आला की बदलतो. पंधरा दिवसांत अलाइनमेंट गेलं, ही तक्रार इथूनच येते. आताच्या संगणकीय यंत्रांत पद्मिनीचे आकडे असतीलच असं नाही. गाडीच्या मूळ पुस्तिकेतल्या कॅस्टर, कॅम्बर आणि टो-इनच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून सोबत न्यावा.

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांसाठी

अ‍ॅम्बेसेडरची रचना वेगळी आहे. पुढे कॉईल स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार म्हणजे पिळ घेणारी लांब पोलादी कांब असते. जुन्या मॉडेलमध्ये शॉकअपही नळीचे नसून हाताच्या लिव्हरसारखे होते. मागे पाटेच. पार्टची नावं बदलली तरी टायर, सांधे, बुश, स्प्रिंग, शॉकअप, अलाइनमेंट हा क्रम तोच राहतो.

पैसा कुठे घालायचा?

बजेट अपुरं असेल तर काम टप्प्याटप्प्याने करता येतं, पण टप्पे धोक्याप्रमाणे ठरवावेत. किंग पिन, टाय रॉड एन्ड, व्हील बेअरिंग, टायर आणि गंजलेले हँगर हे पहिल्या टप्प्यात. यातलं काही तुटलं तर गाडी हातात राहत नाही. टाय रॉडचा सांधा निखळला की एक चाक एकीकडे आणि दुसरं भलतीकडे बघतं. पाटे, स्प्रिंग, शॉकअप दुसऱ्या टप्प्यात. त्यांनी त्रास होतो, पण सहसा वेळ मिळतो. रंग, सीट कव्हर, क्रोम शेवटी. प्रत्यक्षात अनेकांचं उलटं होतं. रंगावर पैसे संपतात आणि चकचकीत गाडी ढिल्या किंग पिनवर घाटात जाते.

स्पेअरचा प्रश्न वर्षागणिक अवघड होतोय. मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर या पार्टना रोजचं गिऱ्हाईक होतं. शेवटच्या नोंदणीच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आता गाडी जिथे बनायची त्याच कुर्ल्यातल्या सीएसटी रोडच्या स्पेअर बाजारात शोध घ्यावा लागतो. किंग पिन किट किंवा टाय रॉड एन्ड घेताना पॅकिंगच्या नावावर जाऊ नये. पिन बुशात घालून बघावी, सांधा हाताने फिरवून बघावा. नव्या सांध्याला फिरताना सारखा, घट्ट विरोध असतो. चांगला जोड मिळाला तर एक जादा घेऊन ठेवावा.

गॅरेजला काम देताना पार्टची यादी लिहून घ्यावी आणि काढलेले जुने पार्ट परत मागावेत. झिजलेली पिन हातात घेतली की पैसे कशाला गेले ते कळतं, आणि न बदललेला पार्ट बिलात आला असेल तर तेही कळतं.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते. बेळगाव, कोल्हापूर, सिंधुदुर्ग की गोवा, पासिंग कुठलंही असलं तरी सांध्यांचं काम आधी करून घेतलेलं बरं.

नंतरची देखभाल

नव्या किंग पिनचं आयुष्य ग्रीसवर ठरतं. ग्रीस मारताना चाक उचललेलं असावं. वजन असताना पिन एका बाजूला दाबलेली असते आणि जिथे खरी गरज आहे तिथेच ग्रीस पोचत नाही. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारावी. गाडी कमी फिरत असेल तर किलोमीटरची वाट न बघता पावसाळ्याच्या तोंडाला एकदा आणि पाऊस संपल्यावर एकदा ग्रीसिंग करावं. काम झाल्यावर शंभर-दोनशे किलोमीटरने यू बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.

पहिली चाचणी घाटात करू नये. मोकळ्या सरळ रस्त्यावर पन्नासच्या वेगाने बघावं की गाडी सरळ जाते का, वळणानंतर स्टिअरिंग परत येतं का आणि ब्रेक मारल्यावर गाडी बाजूला ओढते का. तिन्ही ठीक असेल तर जांबोटीपर्यंत जाऊन यावं. परत आल्यावर चारही चाकांच्या मध्यभागी हात लावून बघावा. एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं तर त्याचं बेअरिंग किंवा ब्रेक घट्ट झालाय. ते सोडवून घेतल्यावर चोर्ल्याचा रस्ता धरायला हरकत नाही.